मागच्या पायांचा शेवटचा शब्द

शुक्रवार, ९ डिसेंबर २०११. पगारपत्रकात हेक्टर पिरीच्या नावापुढचे २१२ पौंड ५० पेन्स मी पट्टीने रेघ मारून खोडले, वर ३८५ पौंड लिहिले आणि शेजारी सही केली. सव्वीस हिवाळे हेक्टर स्कॉटलंडमधल्या आमच्या आरब्रोथच्या बेल रॉक थिएटरात नाताळच्या पँटोमध्ये, म्हणजे पोराबाळांसाठीच्या धमाल विनोदी नाटकात, दोघांनी मिळून घालायच्या गायीच्या सोंगाचा मागचा भाग होता. त्या दिवशी तो डेम झाला.

डेम म्हणजे पँटोमधली थोराड, भांडखोर, मायाळू बाई. ती कायम पुरुषच करतो आणि अर्धे लोक तिच्यासाठीच तिकीट काढतात. आमची डेम म्हणजे मंगो टॉश. आदल्या दिवशी मोठे वादळ झाले (लोकांनी त्याला ठेवलेले नाव येथे लिहिण्यासारखे नाही). त्यात शेजाऱ्याची ट्रॅम्पोलिन कुंपणावरून उडाली आणि मंगो ती धरायला धावला. ट्रॅम्पोलिन शाबूत राहिली. मंगोचा घोटा मोडला.

"हेक्टरला करू दे," मी आमच्या दिग्दर्शिकेला, सेंगा मॉनकरला म्हणालो.

"हेक्टरला? अहो मिस्टर इमरी, तो गायीचं ढुंगण आहे!"

"असेल. पण तीन आठवडे गायीच्या आत वाकून त्यानं मंगोचा शब्दन् शब्द ऐकलाय. शिवाय एडिनबरोहून माणूस आणायचा तर जाण्यायेण्याचा खर्च, राहण्याचा खर्च..."

खर्च म्हटले की सेंगाचा आवाज खाली येतो. "ठीक. उद्या दुपारचा पहिला प्रयोग त्याचा. पडला, तर सोमवारी एडिनबरोचा माणूस आणि हा परत शेपटीखाली."

हेक्टर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. वडील बंदरावर हॅडॉक मासे धुरावर भाजायचे. विसाव्या वर्षापर्यंत त्यानेही तेच केले, मग गावोगावच्या सभागृहांत नाटके करणाऱ्या एका फिरत्या कंपनीत तो शिरला. धुराचा वास काही त्याला सोडून गेला नाही. प्रेमप्रसंगात नायिकेने त्याच्या खांद्यावर डोके ठेवले की तिला भूक लागायची. एकीने तसे भर प्रयोगात बोलून दाखवले, तेव्हापासून त्याला नायक करणे बंद झाले.

मग तो टीव्हीकडे वळला. पोलिसी मालिकांत तो अकरा वेळा प्रेत झाला. प्रेत म्हणून त्याला चांगली मागणी होती, कारण तो पापणी हलवत नसे. बाराव्या खेपेला प्रेत घोरले आणि ते कामही गेले. सिनेमात त्याला एकदा एक वाक्य मिळाले: "होडी गेली हो!" सिनेमा लागला तेव्हा आम्ही चाळीस जण बस करून डंडीला गेलो. पडद्यावर हेक्टरचे कोपर दिसले. वाक्य दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात होते, कारण आरब्रोथची बोली लोकांना कळणार नाही असे वरच्यांना वाटले. तीन शब्दांत न कळण्यासारखे काय होते, हे मला आजही उमगलेले नाही.

"कोपर मी लगेच ओळखलं," परतताना बसमध्ये त्याची बायको इशबेल म्हणाली. "स्वेटर मीच विणलाय."

इशबेल शाळेत स्वयंपाक करायची. गायीचे काम बघायला ती कधी आली नाही. हेक्टरने मात्र ते काम मनापासून केले. तो लेथम गावातल्या एका गोठ्यात आठवडाभर गायीच्या मागे उभा राहिला होता आणि "गाय चालते ती मागून, पुढून फक्त दिसते," असे सांगायचा. पुढच्या भागात लेस्ली केर्ड असायचा. लेस्ली दुपारी घेवड्याचे दाणे खायचा. त्याचे परिणाम सव्वीस वर्षे कोणी भोगले, हे वेगळे सांगायला नको. छापील कार्यक्रमपत्रिकेत मात्र दोघांचेही नाव नसे. तेथे लिहिलेले असे: गाय, स्वतः.

"एकदा तरी ये," हेक्टर दरवर्षी इशबेलला म्हणायचा.

"काय बघू? तुझे गुडघे?"

"कामाला वजन आहे गं माझ्या."

"वजन आहेच, ते मी गादीवर बघते. हे बघ, घरात शेवटचा शब्द माझा असतो. स्टेजवर ज्या दिवशी शेवटचा शब्द तुला मिळेल, त्या दिवशी मी येईन. पुढेच बसेन."

आणि पँटोमध्ये शेवटचा शब्द डेमचा असतो. पडदा पडण्याआधी ती पुढे येऊन दोन यमकी ओळी म्हणते. शुक्रवारी संध्याकाळी इशबेल स्वतः तिकीटखिडकीवर आली. तिसऱ्या रांगेतले मधले तिकीट तिने पूर्ण पैसे देऊन घेतले. मोफत पास मी पुढे केला, तर म्हणाली, "नको. फुकट बघितलं तर नावं ठेवता येत नाहीत."

अडचण त्या दोन ओळींचीच होती. त्या तालमीत कधीच म्हणायच्या नसतात. म्हटल्या तर हंगाम बुडतो, अशी नटमंडळींची श्रद्धा आहे. तालमीत सगळे तेथे "टम-टी-टम" म्हणतात. सेंगा दरवर्षी नव्या ओळी लिहून पाकीट चिकटवते, आणि ते पहिल्या प्रयोगापर्यंत माझ्या तिजोरीत राहते. पाकिटावर काही लिहिलेलेही तिला चालत नाही. मंगो मध्यंतरात पाकीट फोडून ओळी मनात पाठ करायचा. हेक्टरला हे जमणारे नव्हते. जे पाठ करायचे ते मोठ्याने म्हटल्याशिवाय त्याच्या डोक्यात जात नसे.

"कुजबुजलो तर चालेल का गं?" त्याने सेंगाला विचारले.

"ओठसुद्धा हलवायचे नाहीत."

"मग मी फोडतच नाही. खिशात ठेवतो. शेवटी राजाचं पत्र आलंय असं दाखवतो, स्टेजवर फोडतो, वाचतो. चालेल?"

सेंगाने बराच विचार केला. "चालेल. पण दणक्यात वाच. मागच्या रांगेपर्यंत."

शनिवारी दुपारी अडीचला पडदा उघडला. सभागृहात ४१२ माणसे होती. गायीच्या मागच्या भागात आमचा सुतार घातला होता, त्यामुळे गाय पुढून डावीकडे आणि मागून उजवीकडे गेली. हेक्टर मात्र सुटला होता. पोरे ओरडत होती, म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. तिसऱ्या रांगेत इशबेल हाताची घडी घालून बसली होती. पण तिचे खांदे हलत होते, ते मी मागे दाराशी उभा राहून पाहिले.

मध्यंतरात तिजोरीतून काढून पाकीट मीच त्याच्या हातात दिले होते.

शेवटी हेक्टर पुढे आला. त्याने पोलक्याच्या खिशातून पाकीट उपसले. "राजाचं पत्र!" तो गरजला, पाकीट फोडले, कागद हातभर लांब धरला आणि थांबला. तो थांबला तेव्हाच मला आठवले. वादातली बिले मी तिजोरीत ठेवतो. आमची धोबीण एफी गथ्री हिने गायीच्या धुलाईचे बिल पाठवले होते. त्यात ४ पौंड ६० पेन्स जादा लावलेले मला मान्य नव्हते. तेही तसल्याच कोऱ्या पाकिटात होते.

हेक्टरने एक मोठा श्वास घेतला आणि मागच्या रांगेपर्यंत पोचेल असे वाचले:

"पुढची गाय धुवायचे झाले पौंड नऊ,
मागची गाय फारच मळकी, चार-साठ जादा घेऊ!"

यमक त्याचे, मजकूर एफीचा. त्याने कागद खाली केला. डोक्यावरचा टोप त्याने हळूच काढला आणि टक्कल पुसले.

"मागची गाय म्हणजे मी," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं. मळणार नाही तर काय?"

मग असा हशा फुटला की वरची धूळ खाली आली. त्या गोंधळात बाल्कनीतून एफी उठली. "आणि चार-साठ अजून दिले नाहीत!"

"दिले!" पुढच्या रांगेतले कोणीतरी, केवळ पँटोत उलट ओरडायच्या सवयीने, ओरडले.

"नाही दिले!" उरलेले चारशे अकरा ओरडले.

"तो बघा, दाराशी उभाय!" एफीने माझ्याकडे बोट दाखवले. चारशे बारा माणसांनी मला हूट केले. त्या गदारोळातच पडदा पडला.

सेंगा विंगेत धापा टाकत आली. मला वाटले, आता सोमवारी एडिनबरो. ती म्हणाली, "रोज हेच वाचायचं." खऱ्या ओळींचे पाकीट तिने कधीच फोडू दिले नाही. ते तिजोरीतच आहे.

रंगपटाबाहेर इशबेल कोट घालून उभी होती. हेक्टर लुगड्यासारखा घागरा सावरत तिच्यासमोर आला.

"काय?"

"शेवटचा शब्द तुझा नव्हता. एफीचा होता."

"मी पडदा पडेपर्यंत बोलत होतो!"

"ऐकू आलं नाही." तिने त्याच्या हनुवटीवरची लाली अंगठ्याने पुसली. "पण तू होतास, ते दिसलं. बरं, बाहेरचा शेवटचा शब्द तुझा. घरचा माझाच." आणि तिने त्याच्या हातातला कागद काढून पर्समध्ये ठेवला.

त्या हंगामात बत्तीस प्रयोग झाले. पुढच्या वर्षी मंगो घोटा बरा होऊन परत आला आणि डेमही त्याच्याकडे गेली. हेक्टरने तक्रार केली नाही. एकच अट घातली, ती सेंगाने मान्य केली. तेव्हापासून डेम सगळे बोलून झाली की गाय प्रेक्षकांकडे पाठ करते, शेपटी वर होते आणि शेवटच्या दोन ओळी तेथून येतात. पत्रिकेत आता छापतो: गाय, पुढून लेस्ली केर्ड, मागून हेक्टर पिरी. इशबेल दरवर्षी येते, तिकीट काढून.

एफीच्या नऊ पौंडांचा मी दुसऱ्याच आठवड्यात चेक दिला. जादा रक्कमही मी पुढे मान्य केली. पण वादातली रक्कम मूळ बिलाशिवाय मी देत नाही, आणि मूळ बिल इशबेलच्या स्वयंपाकघरात किटलीच्या वर चौकटीत लावलेले आहे. ती ते देत नाही. येत्या मार्चला मी निवृत्त होतो. बेल रॉक थिएटरकडून एफी गथ्रीला ४ पौंड ६० पेन्स येणे बाकी आहे.