चाचांचा आवाज, दुपारी सव्वाबारा वाजता

भूतखेत, संकेत वगैरे गोष्टी मी हसण्यावारी नेणाऱ्यांतली. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण माझ्याच बाबतीत घडलंय, तर सांगते.

सांगलीत विश्रामबागला माझं छोटं प्रिंटिंग युनिट आहे. ॲक्रिलिक, काच, लाकूड यांवर छापायचं यूव्ही मशीन. यातली शाई हवेनं वाळत नाही; वरच्या दिव्याचा अतिनील प्रकाश पडला की क्षणात घट्ट होते. हा धंदा मला आष्ट्याच्या चाचांनी शिकवला. ते स्क्रीन प्रिंटिंगचे जुने कारागीर. दीड वर्षापूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तेव्हापासून ते खुणेनं किंवा पाटीवर लिहून बोलतात.

त्या दिवशी मी एकटीच होते. मेढ्याच्या एका गिऱ्हाइकाच्या घराची नावाची पाटी छापत होते. शाई बोटाला चिकटत होती, म्हणजे दिवा नीट लागत नव्हता. मशीन बंद केलं, वरचं झाकण उघडलं आणि वाकून आत बघायला लागले. गॉगल? भिंतीवर खिळ्याला. दिवा अजून तापलेला होता... घाई, दुसरं काय!

तेवढ्यात अगदी पाठीमागून आवाज आला —

"पोरी, डोळं मीट!"

चाचांचा आवाज. तोच दरडावणारा, जरासा घोगरा. विचार करायला वेळच नव्हता. मी डोळे मिटले, आणि त्याच क्षणी दिवा फाटकन फुटला.

कपाळावर, गालांवर, पापण्यांवर काच. रक्त आलं, पण डोळे शाबूत. वळून बघितलं तर मागे कुणीच नव्हतं. शटर अर्धं ओढलेलं, बाहेर टळटळीत ऊन, भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा.

पापण्यांवर दोन टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "उघडे असते तर अवघड होतं."

दुसऱ्या दिवशी आष्ट्याला गेले. दारातच चाचीनं माझा चेहरा बघितला आणि तोंडाला पदर लावला.

"काल दुपारी जेवून नुकतंच कलंडलं हुतं गं हे... झोपेतनं ताडकन उठलं, दोन्ही हात डोळ्यावर! मी म्हनलं, काय झालं? तर काय लिहून द्यायला बी तयार न्हाईत."

"किती वाजले होते, चाची?"

"सव्वाबाराची यस्टी नुकतीच गेली हुती बघ."

मी चाचांपुढं बसले. "तुम्हीच ओरडलात ना?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली, गळ्यावरच्या व्रणाकडं बोट दाखवलं. मग माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि आधी एक डोळा, मग दुसरा, नीट तपासला. त्यांचेच डोळे वाहत होते. मी त्यांच्या पाया पडले.

मैत्रीण म्हणते, धंदा शिकवताना चाचांनी दिलेली जुनी ताकीद आठवली असेल. असेलही. पण मग चाचा का उठले? मला नाही सांगता येत. दोन्ही डोळ्यांनी बघत हे टाइप करतेय, एवढंच मला ठाऊक आहे.