दोरीवरचे हात

आज सकाळी समोरच्या गच्चीत दोरीवर पांढऱ्या हातमोज्यांचे बारा जोड वाळत होते. वाऱ्याने बोटं फुगली होती आणि ते सगळे मिळून माझ्याकडे बघून हात हलवत होते.

ती गच्ची नानांची. बसच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले नाना फ्रीमेसन, म्हणजे त्या जुन्या गुप्त बंधुसंघाचे सभासद आहेत. कॅम्पातल्या त्यांच्या लॉजला, म्हणजे सभा भरते त्या बंगल्याला, आमच्याकडे सगळे भुताचा बंगला म्हणतात. तिथे भुतं नाचवतात, आणि बाहेर ही मंडळी गुपचूप एकमेकांची कामं करून देतात, हे मीही वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आले.

"एवढे मोजे, नाना?" मी खिडकीतूनच विचारलं.

"लॉजमधल्या सगळ्यांचे आहेत. या महिन्यात धुवायची पाळी माझी. मागच्या महिन्यात जजसाहेबांची होती. त्यांनी नीळ जास्त घातली."

"मग?"

"मग काय, पुन्हा धुवायला लावले."

मोजे कशासाठी, तेही त्यांनी सांगितलं. हात मिळवताना कोणाचा तळवा घट्ट्यांचा आणि कोणाचा मऊ, हे कळू नये म्हणून.

मला हसूच आलं. आपल्याकडच्या लग्नांत पुढचे सोफे कोणासाठी, हे न सांगता सगळ्यांना कळतं. जजसाहेबांना बादलीशी बसवणारी भुतं मात्र मी अजून कुठे पाहिली नव्हती.

पुन्हा वारा आला. त्या बारा जोडांत जजसाहेबांचा कोणता, ते काही ओळखता येईना. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी सगळ्यांनाच हात हलवला.