राहत्या घरातली चक्की

आमच्या लोणखेड्याच्या घरात पुढच्या खोलीत पिठाची चक्की आहे. चालवायची ती माझी बायको. मी फक्त दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी मारायचो. मागच्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून मीच दळतो. पोटासाठी नाही, पोरगा सुरतेहून धाडतो तेवढं पुरतं. बायका दळण घेऊन येतात, दोन शब्द बोलतात. एक रोज विचारते, "आप्पा, चहा लिधा का?" चक्की नसती तर माझं तोंड दिवसभर उघडलंच नसतं.

मग जमिनीचा कायदा बदलला. परवानगी एका कामाची आणि बांधकाम वापरायचं दुसऱ्याच कामाला, हे आता चालणार नाही. दुसऱ्याच्या जागेत घुसलेल्यांनाही हटवणार. मला बरं वाटलं. शेतीच्या जमिनीत गोदाम बांधून एकानं आमची गाडीवाट अडवली होती. खोटं कशाला बोलू, मी हसलो. चार दिवसांनी तलाठी म्हणाला, "बाबा, तुमचा प्लॉटही राहण्यासाठीच आहे. चक्की त्यात बसत नाही. मी बघायला येईन."

पोरगा फोनवर म्हणाला, "चक्कीना पट्टा काढी ठेवा. इचारं ते ऱ्हावानं घर शे, चक्की बंद शे, सांगा. विषय खतम."

मी मोटारीवरचा पट्टा काढून कोठीमागे टाकला. बायकांना सांगितलं, चक्की बंद. त्यांनी बरं म्हणून माना हलवल्या. पण त्यांची रीत अशी, की सकाळी शेतात जाताना डबा ओट्यावर रांगेत ठेवायचा आणि येताना पीठ न्यायचं. हातांना ती सवय. दुसऱ्या दिवशी तलाठी कोतवालाला घेऊन आला, तेव्हा ओट्यावर डब्यांची रांग लागलेली.

"चक्की बंद आहे ना? मग हे डबे?"

कोतवाल खाली बघत म्हणाला, "साहेब, तो लाल झाकणना आमनाच शे. बायकोले सांगं व्हतं मी."

तलाठ्याला हसू आलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बंद आहे म्हणा, तसं लिहितो आणि जातो. पण मग पुन्हा चालवायची नाही."

त्यानं सोपं करून दिलं होतं. पण एकदा बंद लिहिलं की ती कायमचीच बंद. माझ्या तोंडून तो शब्द निघेना.

"चालू शे," मी म्हणालो. "पट्टा कोठीमांगे शे. परवानगी कशी काढतात ते सांगा."

त्यानं नोटीस दिली. अर्ज करा, दंड पडेल, आणि परवानगी येईपर्यंत दळायचं नाही.

"आलेलं तरी दळू?"

"नाही बाबा."

संध्याकाळी बायका आल्या आणि ज्वारीचे डबे तसेच उचलून घेऊन गेल्या. तालुक्याला, शहाद्याला दळून आणू म्हणाल्या. दुसरं काय करतील. पोरगा फोनवर चिडला. मी ऐकून घेतलं.

अर्ज दिलाय. मी मधून मधून तहसीलला जातो. कारकून म्हणतो, प्रकरण वर गेलंय, कळवू, तुम्ही येऊ नका. त्याचं बरोबर आहे. तरी मी जातो. तिथं व्हरांड्यात बाक आहे. शेजारी कोणी तरी बसतं, कुठल्या गावचे म्हणून विचारतं. मी सांगतो. शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिथंच बसतो.