सौंसरच्या बाई येऊन राहिल्या

आषाढातल्या एका मंगळवारी माझे पती सुधाकर सौंसरच्या बसस्टँडवर नागपूरच्या बसची वाट पाहत होते. ते खाली पडले आणि गेले.

मी शाळेत मराठी शिकवायचे. भुतांच्या गोष्टी वर्गात वाचून दाखवल्या आहेत आणि मुलं घाबरली की पुस्तक मिटून हसलेही आहे. माणूस गेला की गेला, हे माझं मत तेव्हा होतं, आजही आहे. त्यामुळे हे वाचून कुणी मला शांती किंवा उतारे सुचवू नयेत. ते सगळं सुचवून झालं आहे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी कोकणचा तीन आठवड्यांचा बेत आखला होता. टूर कंपनी नको, भाड्याची गाडी नको. नागपूरपर्यंत खाजगी बस, पुढे रेल्वेचा स्लीपर, आणि मग एसटी... आमच्या मध्यप्रदेशात सरकारी बस केव्हाच बंद पडली, म्हणून ह्यांना महाराष्ट्राच्या एसटीचं कोण कौतुक. मुक्काम धर्मशाळेत, भक्तनिवासात, नाहीतर कुणाच्या घरातल्या खोलीत. आधी फोन करून खोली सांगून ठेवायचं काम ह्यांचं. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायला मी कचरते.

दिवाळीनंतर मी तो बेत पुन्हा हातात घेतला. रस्ता मात्र बदलला. ह्यांना रत्नागिरीहून दक्षिणेला जायचं होतं; मी उत्तरेला वळले – गुहागर, दाभोळची खाडी, दापोली. खाडी ओलांडायला तिथे मोठी बोट असते, तिच्यावर मोटारीसुद्धा चढतात. ते मला पाहायचं होतं.

मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले होते, तेव्हा धाकटे दीर तिगावजवळच्या मळ्यातून संत्री घेऊन आले.

"वहिनी, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"जायची तयारी."

"कोणासंगं?"

"एकटी."

भाऊजी पिशवी ठेवून खाली बसले. "वर्ष तर होऊ द्या. वर्षाच्या आत बाई देवालेही जात नाही, अन् तुम्ही समुद्र पाहाले चालल्या. पांढुर्ण्यात लोकं मले विचारतील ना, तुमच्या वहिनीले घरात करमत नाही काय म्हणून."

"करमत नाही. तसंच सांगा."

"दादा असता तर –"

"तर दोन तिकिटं काढली असती."

मी बोलून तर गेले, पण भाऊजी उठून गेल्यावर माझा धीर सुटला. दापोलीजवळ एका घरात वरची खोली प्रवाशांना देतात, हे मला त्याच सकाळी मोबाईलवर सापडलं होतं. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ठरवलं, की खोली नाही म्हणाले तर वर्ष होईपर्यंत घरात बसायचं. नंबर लँडलाइनचा होता. एका बाईंनी फोन उचलला.

"खोली नाही हो. सौंसरच्या बाई येऊन राहिल्यात तिथे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सौंसरच्या कोण?"

"नाव नाही सांगितलं. परवा त्यांच्या मिस्टरांचा फोन आला. म्हणाले, 'सौंसरहून आमच्या बाई येऊन राहिल्या.' मी वर जाऊन पाहिलं तर कुलूप तसंच. संध्याकाळी परत पाहिलं. आता येऊन राहिल्या म्हणजे नेमक्या कुठे राहिल्या, तुम्हीच सांगा."

आमच्याकडे 'येऊन राहिल्या' म्हणजे येत आहेत, वाटेत आहेत. मुलांच्या निबंधातून हे मी वर्षानुवर्षं खोडत आले. ह्यांच्या बोलण्यातून खोडता आलं नाही.

मी त्यांना अर्थ सांगितला. बाई हसल्या. "मग तसं म्हणावं की. त्यात मागे नुसता गोंगाट, कुणीतरी 'नागपूर, नागपूर' ओरडतंय... आणि काय हो, म्हणाले चहात साखर घालू नका, पण त्यांना विचारूही नका. विचारलं की त्या हो म्हणतात. म्हणजे तुम्हीच का त्या?"

"मीच," मी म्हणाले आणि तारीख सांगितली.

ह्यांचा मोबाईल कपाटात होता, नंबर बंद करून महिने झाले होते. आणि तो फोन आला त्या दिवशी ते घर मलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना बोलावून सगळं सांगितलं. लपवायचं काय त्यात?

"कोणी तरी मजाक करून राहिलं," ते म्हणाले.

"मी कुणाला सांगितलंच नाही, तर मजाक कोण करणार?"

भाऊजींचा आवाज खाली आला. "मग दादाच थांबवून राहिला तुम्हाले. त्याचा जीव अडकला हाय. शांती करून घेऊ, वहिनी. मी महाराजाले बोलावतो. करू ना?"

"थांबवणारा माणूस खोली सांगून ठेवत नाही, भाऊजी. शांती करायची नाही."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी विचारलेल्या गोष्टीला मी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नसावं.

"मग मी तुमच्या घरी पाय ठेवणार नाही," ते म्हणाले.

"तुमची मर्जी."

पौषात मी गेले. बोटीच्या कठड्याला धरून खाडी ओलांडली. त्या वरच्या खोलीत राहिले. चहा बिनसाखरेचा आला, न विचारता. बाकी तिथे काहीही घडलं नाही – आवाज नाही, भास नाही. पुढच्या मुक्कामांसाठी धर्मशाळांना, भक्तनिवासांना फोन मीच केले. कुठेही आधी कुणाचा फोन आलेला नव्हता. तरी प्रत्येक ठिकाणी मी 'सौंसरची बाई बोलतेय' म्हणून क्षणभर थांबत होते, हे नाकारत नाही.

खोली सांगून ठेवणारा तो फोन कुणी केला, मला आजही सांगता येत नाही. भाऊजी येत नाहीत. घरात मी एकटी राहते.