जबलपुरातलं पहिलं पाप

आईनं गाव सोडलं त्या सकाळी तिचं आणि मार्थाकाकूचं कोंबड्यांवरून वाजलं. कोंबड्या काकूकडे राहायच्या असं ठरलेलं होतं. पण काकू कोणाला तरी म्हणाली म्हणे, "चला, जाऊबाईची पीडा टळली." आईनं खुराडं उचललं आणि शेजारच्यांच्या अंगणात नेऊन ठेवलं. परतवाड्याच्या बसपर्यंत आमची अर्धी ख्रिस्ती वस्ती सोडायला आली. काकू आली नाही. बाबा गेल्यावर आईला जबलपूरला न्यायला आलेला कारखान्यातला लेक म्हणजे मी. बस सुटल्यावर म्हणालो, "कोंबड्यांसाठी काय भांडता गं म्हाताऱ्या बाया?" मला वाटलं, सोडवलं हिला या क्षुद्रपणातून.

तुम्ही गावाकडचे फोनवर विचारता, आई कशी आहे. मी म्हणतो, मजेत. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, भोपाळला, पुण्याला, तेही आपापल्या आयांबद्दल हेच सांगतात. आपल्याला गप्प राहायची सवय फार. आज तेवढं बाजूला ठेवतो.

मदन महलकडे आमचं दुसऱ्या मजल्यावर घर आहे. मी कारखान्यात, बायको बँकेत, आणि पोरगी आजीचं मराठी सगळं समजून उत्तर हिंदीत देणार, तेही मोबाईलवरून डोळे न उचलता. आई गॅलरीत बसते. खालून जाणारी भाजीची गाडी हा तिचा दिवसातला मोठा प्रसंग. आणि मी? मी समाजसेवा करत होतो.

आमच्या पल्लीची, म्हणजे धर्मग्रामाची, एक सेवा समिती आहे. तिच्या अध्यक्षा ग्रेस मॅडम, राइट टाउनच्या, निवृत्त प्रिन्सिपल. चालीसा लागला की, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, समितीला एकट्या म्हाताऱ्यांची आठवण होते. गळ्यात बिल्ले घालून आम्ही त्यांच्या घरी जातो. एक भजन, केळी-बिस्किटांचं एक पाकीट, एक फोटो. फोटोत म्हातारा मधे, पाकीट पुढे आणि मागे आमचे दात. "उम्मीद बाँटनी है," मॅडम म्हणतात. एकदा फोटो हलला, तर त्यांनी एका आजोबांच्या हातातलं पाकीट परत घेऊन पुन्हा दिलं. आजोबांनी दुसऱ्यांदाही आभार मानले. मला किळस आली. पण मोबाईल मीच धरला होता.

समितीनं माझ्याकडे एक म्हातारे फादर सोपवले होते. ते जबलपुरातच, गढ्यात, सिस्टर लोकांच्या आश्रमात राहतात. तरुणपणी मेळघाटात काम केलेलं, त्यामुळे वऱ्हाडी बोलतात ती थेट आपल्या वस्तीतल्यासारखी. दर आठवड्याला मी त्यांना फळं न्यायचो. ते दर वेळी म्हणायचे, "माय आली न तुही? आण न तिले एक दिवस." मी म्हणायचो, हो फादर, जरूर.

आता आईचं सांगतो. जबलपूरला आल्यापासून तिनं क्रिस्तप्रसाद घेतलेला नाही. रविवारच्या उपासनेला, मिस्साला येते, सगळे प्रसादाच्या रांगेत उभे राहतात तेव्हा बाकावर बसून राहते. आधी फादरजवळ पापनिवेदन करायचं, मग प्रसाद, हा तिचा नेम. आणि आमचे इथले फादर झारखंडचे, त्यांना मराठीचा गंध नाही. मी म्हणालो, हिंदीत सांग. ती म्हणाली, "हिंदीत मले भाजी घेता येते. पाप नाही सांगता येत." मराठी जाणणारे एखादे फादर शोध, ईस्टरच्या आत मले मोकळं होऊ दे, एवढंच तिनं मागितलं. चालीसाभर मी म्हणत राहिलो, पाहू.

शोधायचं काय होतं? गढ्याचे फादर मला ठाऊकच होते. पण त्यांना मी भला माणूस वाटत होतो. आई त्यांच्या कानाशी बसून माझ्याबद्दल काय सांगेल, ते मला नको होतं. गॅलरी सांगेल, भाजीची गाडी सांगेल, "पाहू" सांगेल. इतका मी हलका माणूस आहे, आणि हे लिहायला मला इतका वेळ लागला.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत समितीच्या ग्रुपवर एक फोटो आला. सवयीनं मी खाली जोडलेले हात टाकले आणि मग पाहिलं. भिंत माझी होती. कॅलेंडर माझं. मधे आई, हातात पाकीट, मागे दात. वर मॅडमनी लिहिलेलं, "अकेली माताजी के साथ ईस्टर की आशा." माझ्या हातांखाली आणखी बऱ्याच जणांचे हात जमा होत होते. एकानंही म्हटलं नाही की ही तर आपल्याच समितीवाल्याची आई. कोणाला ठाऊक असणार? मी तिची ओळख करून दिली होती कधी?

घरी आलो तर आई शांत होती. "म्याच बलावलं त्यायले," म्हणाली. "रविवारी मॅडमचा हात धरून म्हटलं, घर आओ. तू तं पाहूनच राहिला होता. म्हटलं, यायलेच इचारू मराठी फादरचं. पण कोणाले काही समजलंच नाही. गाणं म्हटलं अन् गेले." मग पाकीट माझ्याकडे सरकवलं. "केळी कच्ची हायेत."

शनिवारी तिला स्कूटरवर बसवून गढ्याला नेलं. म्हातारे फादर व्हरांड्यात आले, गळ्यात पापनिवेदनाचा जांभळा पट्टा घातला आणि म्हणाले, "बस माय." आईचा चेहरा मी पाहिला. आपल्या बोलीतलं "माय" तिनं गाव सोडल्यापासून कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. बराच वेळ गेला. मध्येच दोघं हसल्याचा आवाज आला. व्हरांड्यातून उतरल्यावर फादर माझ्याकडे नेहमीसारखेच पाहून हसले. त्यांना काय कळलं, काय नाही, काही पत्ता लागू दिला नाही.

परतताना मला राहवलं नाही. विचारू नये ते विचारलं. "माझं सांगितलंस?"

"तुहं काहून सांगू? पापं आपली सांगाची असतात." मग मागून म्हणाली, "सारं तिकडलंच सांगितलं. मार्थाचं, कोंबड्याचं. इथलं काही सापडलंच नाही. इथं कोणाशी भांडू? कोणाचा राग करू? पाप कराले बी माणूस लागते न बापू."

ज्याला मी क्षुद्रपणा म्हणून हसलो होतो, तेच तिचं घर होतं. जिच्यावर रागावता येतं आणि जी आपल्यावर रागावते, अशी एक तरी जाऊबाई. मी तिला त्यातून सोडवलं आणि इतक्या स्वच्छ जागी आणून ठेवलं की तिथं तिला पापसुद्धा करता येईना.

ईस्टरच्या सकाळी तिनं काकूला फोन लावायला सांगितला. पहिलं वाक्य, "कोंबड्या अंडे देतात का?" बराच वेळ चालला तो फोन, आणि शेवटी आवाज चढलेलाही ऐकला. मिस्साला ती रांगेत उभी राहिली, माझ्या पुढे. नंतर चर्चच्या आवारात मॅडम मोबाईल घेऊन आल्या, "माताजी, हैप्पी ईस्टर, एक फोटो." आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली.

"क्या कह रही हैं माताजी?" मॅडमनी मला विचारलं.

एरवी मी म्हणालो असतो, आशीर्वाद दे रही हैं. म्हणालो, "कह रही हैं, केले कच्चे थे. और अगली बार बैठने का टाइम हो, तभी आना।"

मॅडमचा मोबाईल खाली आला. आई माझा हात धरून फाटकाकडे निघाली आणि कानाशी म्हणाली, "हे एक झालं माह्या नावावर. पुढच्या चालीसात मले घेऊन चाल गढ्याले."