त्या फोटोतली सरळ जीप

अण्णा गेला तेव्हा जीप पासष्टच्या पुढे नव्हती.

मी त्याच्या मागेच होतो. माझ्या गाडीचा काटा मी स्वतः बघितलाय.

आज वर्ष झालं. सकाळपासून तोच फोटो फिरतोय. जीप, मागे ट्रेलर, ट्रेलरवर लाल गाडी, हार, चाकाखाली लिंबं, आणि अण्णा हसतोय. खाली कमेंट्स. "वेगाचं वेड नडलं." "रेसर माणूस, दुसरं काय होणार."

वर्षभर मी हे वाचतोय आणि गप्प बसतोय.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. श्रीनिवास अण्णा. वडिलांचे कापडाचे माग बंद पडले, त्या शेडमध्ये त्यानं गॅरेज टाकलं. तिथंच एक भंगारात निघालेली हॅचबॅक चार वर्षं खपून उभी केली. आत सीट एकच, मागच्या काचा नाहीत, चारी बाजूंनी लोखंडी पाइप. कोइमतूरच्या ट्रॅकवर एक दिवस पैसे भरून आपली गाडी मोकळी पळवता येते, त्याला ट्रॅक डे म्हणतात. तेवढं एकच स्वप्न होतं माणसाचं.

अशी गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. म्हणून ट्रेलर. आणि ट्रेलर ओढायला दुसरी गाडी.

ती ओढणारी गाडी निवडायला अण्णानं आठ महिने लावले.

"पोरीला स्थळ बघतोय का अण्णा?" मी म्हणायचो.

"स्थळ चुकलं तर पोरगी माघारी येती बे," तो म्हणायचा. "हे चुकलं तर कोण येतंय?"

माझी एसयूव्ही मी देतो म्हणालो. चकाचक, नवी. त्यानं वाकून खालून बघितली आणि नको म्हणाला.

"ओढायला काय, कुणीबी ओढतंय. थांबवायला वजन लागतंय."

शेवटी वेळापूरच्या एका निवृत्त मास्तरांची लांब, जड, जुनी डिझेल जीप त्याला पसंत पडली. मला लाज वाटली असती ती चालवायला.

ट्रेलर मोडनिंबच्या ट्रॉलीवाल्याकडून करून घेतला. तो उसाच्या ट्रॉल्या करणारा माणूस. "आमच्या ट्रॉलीत ऊस जातूय डोंगराएवढा, तुमची ही खेळण्यातली गाडी काय घिऊन बसलाय," म्हणाला.

"ऊस गप पडून ऱ्हातो," अण्णा म्हणाला. "ही चाकावर हाय."

चार दिवस तिथंच मुक्काम ठोकला त्यानं. दोघं भांडले, एका ताटात जेवले, परत भांडले. शेवटी ट्रेलरच्या फळीवर अण्णानं स्वतःच्या हातानं एक लाल रेघ मारली.

"गिऱ्या, हितं बघ. पुढचं चाक ह्या रेघेवर. जरा वजन जीपच्या हुकावर पडायला पायजे. गाडी मागं सरकली की संपलं. मग जीप ट्रेलरला न्हाई, ट्रेलर जीपला हालवतो."

मी हो म्हणालो. मला सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा नाही मला.

निघायच्या दिवशी गल्ली जमली. नवीन वाहन पूजेशिवाय हलत नाही आपल्याकडे. अण्णानं गाडी चढवली, रेघेवर आणली, पट्टे आवळले आणि आंघोळीला गेला.

हुकावर वजन पडल्यामुळे जीप मागून बसली होती. तोंड वर, बूड खाली. कुणीतरी हसलं, "अण्णाची म्हैस बसली की!"

मला ते लागलं. आठ महिन्यांची मेहनत, आणि फोटोत असं दिसणार.

मी पट्टे सैल केले. गाडी दीड फूट मागे ढकलली. हलकीच होती ती. परत पट्टे आवळले.

जीप सरळ झाली. छान दिसली.

फोटो काढून झाला की परत पुढं घेऊ, असं मनात होतं. मग नारळ फुटला, पेढे वाटले, अण्णाच्या बायकोनं, पद्मावहिनींनी ओवाळलं, उशीर झाला म्हणून सगळे ओरडायला लागले. धूळ नको म्हणून गाडीवर ताडपत्री मीच बांधली. रेघ झाकली गेली.

वाटेत मंद्रुपला चहाला थांबलो. अण्णाचा चेहरा उतरला होता.

"मागनं कुणीतरी हालवतंय असं वाटतंय बे. ताडपत्री सोडून बघू का? गाडी रेघेवर हाय न्हवं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम होतं.

पण मला त्याचा ओरडा नको होता. एवढंच. दुसरं कुठलंही कारण नाही.

"व्हय अण्णा. रेघेवर हाय. मीच बघितलंय."

त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि जीपमध्ये बसला.

टाकळीच्या पुलाअलीकडे उतार आहे. एक बस ओव्हरटेक करून गेली. ट्रेलर डावीकडे गेला, उजवीकडे गेला, परत डावीकडे. मी हॉर्न वाजवत राहिलो. हॉर्ननं काय होणार होतं.

आज सकाळी वर्षश्राद्धाला गेलो. अण्णाच्या फोटोला हार नव्हता. वहिनींनी वर्षभर घातलाच नाही. "हळू जावा म्हणून शपथ घातली हुती मी. मोडली त्यांनी," एवढंच त्या सगळ्यांना सांगत आल्यात.

मी त्यांना सगळं सांगितलं. रेघ, फोटो, मंद्रुप.

वाटलं, मारतील. शिव्या देतील.

वहिनींनी पदरानं फोटोची काच पुसली. मग म्हणाल्या, "म्हंजे हळूच चालले हुते ते?"

"व्हय वैनी."

"वरीसभर मी त्यांच्याशी भांडले भाऊजी. रोज. आता ते कुणाकडनं माघारी घेऊ?"

तिथून उठलो आणि हे लिहायला बसलो.

तो फोटो शेअर करणार असाल तर नीट बघा. जीप सरळ दिसतेय. ती तशी दिसायला नको होती.

वेगाबद्दल त्याला कुणी काही बोलू नका. जे बोलायचं ते मला बोला.

श्रद्धांजली हा शब्द लिहायला माझा हात धजत नाही. मंद्रुपला तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर तेवढं देतो.

अण्णा, गाडी रेघेवर नव्हती.