मडमेचा मंत्र

कडुनिंबाच्या धुरीचा वास आला की महाराजांच्या अमदानीतली, कळंब्याच्या माळावरची प्लेगची झोपडी आठवते. आत आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गोरी शिष्या तापाने फणफणली होती.

आबांनी कानात दिलेला मंत्र तिने कधी कुणाला कळू दिला नाही. आम्ही बायका मात्र आबांनी दिलेले आमचे मंत्र धुणं धुताना मोठ्याने म्हणायचो आणि तिला हसायचो.

तापात ती तो विसरली. रडायला लागली. मी वाकून तिच्या कानात माझाच मंत्र म्हटला.

“ह्यो तुझा हाय,” ती म्हणाली. “माझा आबांकडं हाय. त्यास्नी बोलीव की.”

मी दाराशी गेले. आबांना जाळलं ती जागा तिथून दिसत होती. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

“येत्यात,” मी म्हणाले.